जॅकच्या पायाला रबरी तळ : घरी बनवा, पण हिशेबाने

खोदाईच्या यंत्राला आपल्याकडे सरसकट ‘जेसीबी’ म्हणतात. जेसीबी हे खरे तर एका ब्रिटिश कंपनीचे नाव. तिचे पहिले खोदाई यंत्र १९५३ साली आले आणि १९७९ पासून हरियाणातील बल्लभगड येथे ही यंत्रे बनू लागली. पण तालुक्याच्या गावी अनेक तरुणांचा धंदा ट्रॅक्टरला मागे जोडलेल्या खोदाईच्या हातावर चालतो. ट्रॅक्टर हप्त्याचा, हातही हप्त्याचा. अशा धंद्यात ठेकेदाराने फुटलेल्या पेव्हर ब्लॉकचे किंवा उखडलेल्या डांबराचे पैसे बिलातून कापले की दिवसाची मजुरी गेलीच म्हणून समजा. हे नुकसान बहुतेक वेळा बकेट करीत नाही, ते जॅकचा पाय करतो.

पाय रस्ता का फोडतो?

खोदताना यंत्र हलू नये म्हणून मागचे दोन जॅक जमिनीवर टेकवतात. ट्रॅक्टरच्या जोडणीत हे जॅक बहुधा पंखासारखे बाजूला उघडतात. त्यामुळे खाली येताना पाय सरळ टेकत नाही, थोडा घासत जातो. लोखंडी पायाला माती पकडण्यासाठी दात असतात. मातीत ते कामाचे, रस्त्यावर तेच छिन्नी होतात. गुळगुळीत काँक्रीटवर तर लोखंड सरकते आणि यंत्राबरोबर चरात उतरलेल्या मजुराचा जीव धोक्यात येतो.

हिशेब करून पाहू. एका पायावर २००० किलो भार आला असे धरा. पाय ४० बाय ३० सेंटिमीटरचा असेल तर क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पावणेदोन किलोहून थोडा कमीच दाब. पण हे कागदावर. पाय दातांवर उभा राहिला आणि प्रत्यक्ष १०० चौरस सेंटिमीटरच टेकले, तर दाब २० किलो होतो. रबर जमिनीच्या उंचसखलपणाशी जुळवून घेते व सगळे टेकते. त्याचा खरा फायदा हाच.

माल कोणता घ्यावा?

खडी क्रशरवरचा जुना कन्व्हेअर पट्टा भंगार बाजारात मिळतो. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे, म्हणून सांगतो : या पट्ट्याचा जीव रबरात नसून आतल्या कापडाच्या थरांत आहे. घेताना कापलेली कड पाहा. थर एकमेकांना घट्ट चिकटलेले हवेत. नखाने थर सुटत असतील तर तो माल मेलेला समजावा. पट्टा न मिळाल्यास ट्रकचे नायलॉन टायर चालेल. रेडियल टायरमध्ये पोलादी तारा असतात, त्या कापताना हात फाडतात. कोणत्याही टायरची रिमला बसणारी कडही तारेचीच असते, ती टाकून द्यावी.

बनवण्याची रीत

४० बाय ३० च्या पायासाठी १० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्याचे ३० सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर उंच असे ३० तुकडे कापावेत. सुरीला साबणाचे पाणी लावले की ती अडकत नाही. तुकडे एकावर एक आडवे रचू नयेत. दुकानात पुस्तके उभी लावतात तसे ते कडेवर उभे लावावेत. दोन्ही टोकांना ५० मिलिमीटरचे लोखंडी अँगल ठेवून, वरून ३ सेंटिमीटरवर भोके पाडून, १६ मिलिमीटरचे दोन आटेदार रॉड आरपार घालावेत व लॉक नटने आवळावे. भोक कडेला फार जवळ घेतले तर धागे तुटून रॉड रबर फाडतो. अँगलची बाहेरची बाजू पायाच्या सपाट पत्र्याला बोल्टने जोडावी. रबराचा माथा पत्र्याला टेकलाच पाहिजे, म्हणजे भार रबरावर येईल, रॉडवर नाही.

या रचनेत रॉड जमिनीला समांतर राहतात. अँगलच्या खाली ३ सेंटिमीटर रबर उरते. झिजून १ सेंटिमीटर राहिले की बदलावे. नवे रबर दबते, म्हणून पहिल्या आठवड्यात नट रोज तपासावेत.

पाय उलटा करता येणारा असेल तर एका बाजूला रबर व दुसऱ्या बाजूला दात ठेवावेत. चिखलात रबर घसरते, तेथे दातच हवेत. भुसभुशीत जमिनीवर रबराने काम भागत नाही. खाली ६० बाय ६० सेंटिमीटरची जाड, मजबूत फळी टाकावी. वरच्याच भाराला दाब अर्ध्या किलोच्या आसपास येतो.

काटकसर कोठे करू नये?

पायाची पिन घरची करू नये. बांधकामाची सळई कापून घातलेली पिन वाकते आणि पाय निसटतो. पिन योग्य पोलादाचीच घ्यावी. वेल्डिंग करायचे असेल तर पाय यंत्रावरून काढून, रबर बसवण्याआधी करावे. पाय काढताना बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे आणि यंत्राखाली लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ तेलाच्या दाबावर उभ्या यंत्राखाली हात घालू नये.

आणि चर खोदत खोदत पायांजवळ येऊ लागला की यंत्र वेळीच पुढे घ्यावे. कड ढासळली तर कितीही चांगला तळ उपयोगाचा नाही.

शेवटी खर्चाचे. भंगाराचा दर, नटबोल्ट आणि वेल्डरची मजुरी यांत यंत्र बंद राहण्याचे तासही धरावेत. भर हंगामात दोन दिवस यंत्र उभे ठेवून बनवलेला तळ बाजारातल्या तळापेक्षा महाग पडतो. काम नसलेल्या दिवशी दोन जोड्या बनवून एक जोडी ट्रॅक्टरवर बाळगावी.