भाड्यासाठी पहिला फ्लॅट : वाकड की कोथरूड?

प्रश्न : भाड्याने देण्यासाठी पुण्यात पहिला वन बीएचके घ्यायचाय. वाकड बरं की कोथरूड?

उत्तर : आधी भाडेकरू कोण हवा, ते ठरवा. वाकडला हिंजवडीत नोकरी करणारी मंडळी मिळतात. पण नव्या इमारतीही भरपूर, त्यामुळे भाडं ताणता येत नाही. कोथरूडला कुटुंबं आणि विद्यार्थी दोन्ही, मात्र किंमत चढी. हिशेब मांडा : मुद्रांक शुल्क, नोंदणीसह घर 60 लाखांना पडलं आणि भाडं 18 हजार आलं, तर परतावा 3.6 टक्के. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि एखादा रिकामा महिना वजा करा. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत जाऊन वॉचमनला विचारा : रोज टँकर किती येतात, फ्लॅट किती रिकामे आहेत? ही उत्तरं समाधानकारक असतील तिथेच घ्या. आणि लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. कायद्याने तो बंधनकारक आहे.