सामाईक वाड्यांतील उंदीर

वांटणी झाली तरी वाड्याचें आढें एकच असतें. एका भावानें सांपळा लाविला, तरी शेजारच्या कणगींत पोसलेले उंदीर आढ्यावरून पुन्हा येतात. मग भांडण मात्र मांजरावरून होतें! उंदराची मादी गाभण राहिल्यापासून सुमारें ३ आठवड्यांत विते, म्हणून पाळीपाळीनें केलेला उपाय व्यर्थ होय. सर्व बिऱ्हाडांनीं एकाच रात्रीं सांपळे मांडावे, तेही भिंतीलगत. कारण उंदीर भिंत धरून चालतो. आधीं दोन-तीन रात्रीं सांपळा न ताणतां नुसतें आमिष ठेवावें. पेन्सिलीएवढें भोंकही लहान उंदरास पुरतें; तें पत्र्यानें अगर सिमेंटानें बुजवावें. झिंक फॉस्फाईडावर उतारा नाहीं. सबब मुलेंबाळें वावरतात त्या घरांत तें आणूं नये.