औषधातील सातत्य आणि तवक्कुल

हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या कथनानुसार, काही ग्रामीण अरबांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की, आम्ही औषधोपचार करावा काय? प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक आजाराचा उपाय अल्लाहने निर्माण केला आहे, असे सांगितले (अबू दाऊद). म्हणजे औषध घेणे तवक्कुलच्या विरोधात नाही. उंट बांधूनच अल्लाहवर भिस्त ठेवण्याची शिकवण देणारी तिर्मिजीतील हदीसही हेच शिकवते.

मधुमेहात मात्र खरी कसोटी औषध सुरू करण्याची नसून ते चालू ठेवण्याची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घकालीन आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात. कारण हा आजार बहुधा दुखत नाही. वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांची हानी निमूटपणे करीत राहते. पायाची संवेदना गेलेल्या शेतकऱ्याला रोवणीच्या चिखलात काटा रुतला तरी कळत नाही, आणि ती जखम चिघळते.

औषध सोडणाऱ्यांची कारणे सहसा तीन असतात. पहिले, साखर नॉर्मल आली. बांधीतले धान हिरवे दिसते म्हणून आपल्या भंडारा जिल्ह्यातील कोणता शेतकरी पाणी तोडतो? ते हिरवेपण पाण्याचेच फळ असते. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांनी ठरवावे. दुसरे, गोळ्यांनी किडनी खराब होते. वास्तविक मूत्रपिंड निकामी होण्याचे एक प्रमुख कारण अनियंत्रित मधुमेह हेच आहे. तिसरे, ज्याने आजार दिला तोच बरा करील. निःसंशय शिफा अल्लाहच्याच हाती आहे. परंतु स्वतःला आपल्या हातांनी विनाशात लोटण्यास कुरआनने मनाई केली आहे (सूरह अल-बकरा, १९५).

हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनात, अल्लाहला सर्वाधिक प्रिय कर्म ते, जे अल्प असले तरी नित्य केले जाते (बुखारी, मुस्लिम). रोजची छोटी गोळीही या नियमाने घ्यावी. पाच वेळच्या नमाजने ज्याच्या दिवसाला वेळापत्रक दिले, त्याला हे अवघड नाही. डॉक्टरांनी जेवणासोबत सांगितलेली गोळी शेतात जाताना डब्यासोबतच बांधावी. काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते, म्हणून गोळी आणि जेवण यांची फारकत करू नये. रमजानपूर्वी डॉक्टरांकडून औषधाच्या वेळा बदलून घ्याव्यात; रोजा जिवाला अपायकारक ठरत असेल तर आजाऱ्याला कुरआनने सवलत दिली आहे (अल-बकरा, १८४-१८५). ती नाकारण्यात पुण्य नाही.

मधुमेह आदी आजारांसाठी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यातील १०० जिल्ह्यांत भंडाऱ्याचा समावेश होता. प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. तेथील साठा संपला आणि शेजारची विधवा किंवा मजूर खंड पाडण्याच्या बेतात असेल, तर तिच्या महिन्याच्या गोळ्या आणून देणे हा उत्तम सदका आहे.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. तिचा हिशेब द्यायचा आहे, हे स्मरून गोळी घ्यावी आणि ‘बिस्मिल्लाह’ म्हणून घ्यावी. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.