स्थानमाहात्म्य

सकाळची प्रार्थना आटोपली होती. पुणे जिल्ह्यातील एका लहानशा गावच्या शाळेत तिसरीचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. गुरुजींनी मुलांना पाट्या काढावयास सांगितले आणि पहिली संख्या घातली, "एकशे पाच." पाट्यांवर पेन्सिली कुरकुरू लागल्या. पुढच्या रांगेतील एका मुलीने सर्वांच्या आधी पाटी उंच धरली. तीवर ठळक आकडे होते, १००५. वर्गात हशा पिकला. मुलीचा चेहरा उतरला आणि तिने पाटी उराशी धरून लपविली.

गुरुजी हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी मुलीला जवळ बोलावून विचारले, "बाळ, हे कसे लिहिलेस ते सांग पाहू."

मुलगी चाचरत म्हणाली, "गुरुजी, शंभर असे लिहितात, १००. त्यापुढे मी पाच लिहिले."

"म्हणजे तू जे ऐकलेस तेच लिहिलेस," गुरुजी म्हणाले. "यात हसण्यासारखे काय आहे? दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात जाणती माणसे याच रीतीने संख्या लिहीत असत."

ही केवळ समजूत घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नव्हती. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सह्याद्री ओलांडून कोकणात उतरणारा हा प्राचीन व्यापारी मार्ग होय. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनांच्या काळचा एक मोठा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांच्या संख्या त्यात कोरलेल्या आहेत. त्या लेखनपद्धतीत दहासाठी एक चिन्ह, शंभरासाठी दुसरे आणि हजारासाठी तिसरे. सतराशे लिहावयाचे असल्यास आधी हजाराचे चिन्ह आणि त्यापुढे सातशेचे चिन्ह मांडीत. एकशे पाचासाठी शंभराचे चिन्ह आणि त्यापुढे पाचाचे चिन्ह पुरे होई. शून्याची त्या पद्धतीला गरजच नव्हती. त्या मुलीच्या पाटीवर हीच जुनी रीत नकळत उमटली होती.

या रीतीने नोंद ठेवता येई. परंतु संख्या जसजशी मोठी होई, तसतशी नवनवी चिन्हे लागत आणि गुणाकार-भागाकार फार जिकिरीचे होत. ही अडचण दूर करणारी कल्पना भारतात उदयास आली. चिन्हे दहाच ठेवावीत आणि त्यांची किंमत त्यांच्या जागेवरून ठरवावी, ही ती कल्पना. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या आपल्या ग्रंथात प्रत्येक स्थान मागील स्थानाच्या दसपट असते, हा नियम सांगितला. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्यासह बेरीज, वजाबाकी व गुणाकार कसे करावेत याचे नियम दिले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना लागणाऱ्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा शिलालेख आहे. देवाला अर्पण केलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या ५० फुलमाळा या त्यातील संख्यांत शून्य स्पष्ट दिसते. तेथे शून्य आपल्या जागी बसून दोनाला दोनशेची आणि पाचाला पन्नासाची योग्यता मिळवून देते.

पुढे हे अंक अरबी विद्वानांकडे गेले. पिसा येथील लिओनार्दो याने १२०२ साली ग्रंथ लिहून ते इटलीतील व्यापाऱ्यांना शिकविले. तरीही १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफसंघाने हिशेबाच्या वह्यांत या अंकांचा वापर करण्यास मनाई केली. जी युक्ती मोठमोठ्या सराफांच्याही गळी सहजासहजी उतरली नाही, ती आठ वर्षांच्या मुलाला एका दिवसात यावी, अशी अपेक्षा कोणी कशी करावी?

म्हणून गुरुजींनी त्या दिवशी फळा सोडून काड्यांची पिशवी उघडली. मुलांनी दहा दहा काड्या मोजून दोऱ्याने बांधल्या. ती झाली जुडी. दहा जुड्या एकत्र बांधल्या. तो झाला गठ्ठा. मग जमिनीवर खडूने तीन घरे आखली. उजवीकडचे एककाचे, मधले दशकाचे आणि डावीकडचे शतकाचे. "आता एकशे पाच काड्या मांड," गुरुजींनी त्या मुलीला सांगितले. तिने शतकाच्या घरात एक गठ्ठा ठेवला, एककाच्या घरात पाच सुट्या काड्या ठेवल्या आणि ती थबकली. मधले घर रिकामे होते. क्षणभर विचार करून तिने त्या घरात खडूने शून्य काढले. वर्ग शांत झाला होता. आता कोणी हसत नव्हते.

मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण असते. 'पंचवीस' हा शब्द उच्चारताना पाच आधी येतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी येतो. 'एकोणतीस' म्हणजे एकाने उणे तीस; कानावर तीस पडते आणि पाटीवर २९ लिहावे लागते. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस पाच' अशाही वाचनाची सोय केली, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. नाव कोणतेही घ्यावे. दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, म्हणजे आकड्यांची उलटापालट होत नाही.

एककाच्या उजवीकडेही हाच नियम चालतो. तेथे प्रत्येक घर आधीच्या घराचा दहावा भाग असते. पूर्वी रुपयाचे सोळा आणे असत. नऊ आणे आणि आठ आणे मिळविले की सतरा आणे, म्हणजे एक रुपया एक आणा होई. अशा हिशेबासाठी मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी असे पाढे घोकावे लागत. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पैशांचा हिशेब एकक-दशकांच्याच रांगेत येऊन बसला. मात्र येथेही जागेचे भान हवे. ३.५ रुपये म्हणजे तीन रुपये पन्नास पैसे. तीन रुपये पाच पैसे लिहावयाचे तर ३.०५ असे शून्य घालून लिहावे लागते. दुकानात ही चूक झाली तर थोडे पैसे जातील. परंतु औषधाच्या मात्रेत दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकले, तर रोग्याच्या पोटात दसपट औषध जाईल.

शाळा सुटण्यापूर्वी गुरुजींनी शेवटची संख्या घातली, "दोन हजार सात." या वेळी त्या मुलीने घाई केली नाही. मनातल्या मनात चार घरे आखून तिने लिहिले, २००७.

"मधली दोन शून्ये कशासाठी?" गुरुजींनी विचारले.

"ती जागा राखतात, गुरुजी," ती म्हणाली. "ती उठून गेली, तर दोन हजारांचे सत्तावीस होतील."

अभ्यास

१. मुलीने १००५ असे का लिहिले? गुरुजी तिच्यावर का रागावले नाहीत?
२. नाणेघाटातील संख्यालेखन आणि आजचे संख्यालेखन यांतील फरक सांगा.
३. ४.५ आणि ४.३५ यांपैकी मोठी संख्या कोणती? कारण लिहा.
४. 'ती जागा राखतात' या उत्तराचा अर्थ पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.