चाळिशीनंतर स्केटिंग : आधी पडायला शिका

परभणीच्या वाचकाला बर्फावरील स्केटिंगचा सल्ला द्यायचा म्हणजे आधी थोडे हसू येणारच. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी रस्त्यावरचे डांबर मऊ होते आणि बर्फ म्हटला की रसवंतीवाला आठवतो. डिसेंबरात कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांच्या खाली गेला की वर्तमानपत्रात बातमी येते, पण तेवढ्याने काही आपली तळी गोठत नाहीत. तरीही हा विषय घेण्याचे कारण आहे. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथील अनेक घरांतली मुले आज कॅनडा-अमेरिकेत नोकरीला आहेत. आईवडील हिवाळ्यात त्यांच्याकडे जातात, नातवंडे हाताला धरून रिंकवर ओढतात, आणि पन्नाशीतले आजोबा जन्मात पहिल्यांदा पायात पाते बांधतात. माझ्या अस्थिरोगाच्या दवाखान्यात ‘जाऊ का नको?’ असे विचारणारे येतात, आणि ‘गेलो होतो’ म्हणून गळ्यात हात बांधून येणारेही येतात.

माझे उत्तर ‘जा’ असेच असते. मी स्वतः वयाच्या चोपन्नाव्या वर्षी टोरांटोला मुलीकडे असताना प्रौढांच्या वर्गात हे शिकलो. टोरांटोच्या नगरभवनासमोर नेथन फिलिप्स चौक आहे. तिथे १९६५ सालापासून उन्हाळ्यात पाण्याचे तळे असते आणि हिवाळ्यात त्याचीच रिंक होते. सत्तरीच्या बायका तिथे हात मागे बांधून निवांत फिरताना दिसतात. आपल्या देशातही शिमल्याची रिंक १९२० पासूनची आहे. संध्याकाळी मैदानावर पाणी शिंपडायचे, रात्रीच्या थंडीने ते गोठते आणि त्यावर स्केटिंग चालते. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधली गेली. तेव्हा हा खेळ फक्त गोऱ्यांचा आणि तरुणांचा, असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न वयाचा नसून तयारीचा आहे.

मोठ्या माणसाला हे अवघड का जाते, ते आधी समजून घेऊ. आपला तोल तीन गोष्टींवर चालतो : डोळे, कानाच्या आतील तीन अर्धवर्तुळाकार नलिका, आणि तळपाय, घोटा व गुडघा यांतून मेंदूकडे जाणारे संदेश. लहान मेंदू या तिन्हींचा मेळ घालतो. आयुष्यभर त्याने एकच धडा गिरवलेला असतो की पाय टेकला म्हणजे तो जागीच राहतो. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो, आणि पाते जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. तिथे टेकलेला पाय जागी राहत नाही. पाच वर्षांचे मूल हे दहा वेळा पडून शिकते. त्याचे डोके जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर, वजन पंधरा-सोळा किलो, हाडे लवचिक. आपले डोके पाच-साडेपाच फुटांवर, वजन सत्तर किलो, आणि मनात भीती. ही भीतीच खरा घोटाळा करते. घाबरलेला माणूस गुडघे ताठ करतो आणि मागे झुकतो. पाय पुढे निसटतात. माकडहाडावर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटण्याचा हा सरळ मार्ग आहे.

दुसरी उपजत खोड म्हणजे पडताना हात पुढे किंवा मागे टेकणे. सगळे वजन पसरलेल्या तळहातावर येते आणि मनगट मोडते. या अस्थिभंगाचे वर्णन डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी १८१४ साली, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशी वर्षे आधी, केवळ तपासणीच्या आधारे केले होते. आजही आम्ही तो अस्थिभंग त्यांच्याच नावाने ओळखतो. पाळी थांबलेल्या स्त्रियांत हाडे ठिसूळ होत असल्याने त्यांच्यात हे अधिक दिसते, मग पडणे बर्फावरचे असो की न्हाणीघरातले. १९९६ साली अमेरिकेत चाकांच्या स्केट्सवरून पडलेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मनगटाचे संरक्षक पट्टे न घालणाऱ्यांत मनगटाला इजा होण्याची शक्यता घालणाऱ्यांच्या सुमारे दसपट आढळली. तो अभ्यास चाकांचा होता, बर्फाचा नव्हे. पण पडणारा हात तोच. असे पट्टे खेळाच्या साहित्याच्या दुकानात मिळतात. गुडघ्याच्या गाद्या आणि हेल्मेटही घ्या. आमच्या वर्गात हेल्मेटशिवाय कोणाला बर्फावर पाऊल टाकू देत नसत. हेल्मेट घातल्यावर लोक काय म्हणतील याची चिंता फक्त आपल्याच लोकांना असते, असे माझे निरीक्षण आहे.

तयारी परभणीतच, निघण्याच्या सहा आठवडे आधी सुरू करावी. स्वयंपाकघरातील ओट्याजवळ उभे राहा, एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या पोटरीमागे टेकवा, हात बाजूला, नजर समोर. दहा सेकंद उभे राहता आले पाहिजे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांना हेच करायला सांगितले, आणि पाचांतील एकाला ते जमले नाही. ज्यांना जमले नाही त्यांच्यात पुढील सुमारे सात वर्षांतले मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे अधिक होते. एका पायावर उभे राहून आयुष्य वाढते असा याचा अर्थ काढू नका. तोल हा एकंदर प्रकृतीचा आरसा आहे, एवढाच काढा. रोज दोन्ही पायांवर तीन-तीन वेळा हा सराव करा. दुसरा व्यायाम, खुर्चीत बसायला निघाल्यासारखे गुडघे वाकवून अर्ध्यावर थांबणे. गुडघेदुखी असेल तर थोडेच वाकावे. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, जमिनीवर बसून उठणे. पंगतीत मांडी घालून जेवणाऱ्या पिढीला तो शिकवावा लागत नसे. घरात जेवणाचे टेबल आले आणि ही सवय सुटली.

घरच्या गादीवर पडण्याचाही सराव करा. तोल गेला असे वाटताच गुडघे वाकवून खाली बसत जा, हनुवटी छातीशी आणा, हात पोटाजवळ घ्या, आणि एका कुशीवर, म्हणजे मांडी व कुल्ल्याच्या मांसल भागावर कलंडा. मुठी मिटलेल्या हव्यात, कारण रिंकवर मागून येणाऱ्याचे पाते उघड्या बोटांवरून जाऊ शकते. उठताना आधी रांगण्याच्या स्थितीत या, एक पाऊल पुढे टेकवा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबा आणि वर या. आमच्या शिक्षिकेने पहिला पूर्ण तास एवढेच करून घेतले. वर्गातील दोघे कंटाळून गेले, ते परत आले नाहीत. बाकीच्यांची भीती मात्र त्याच तासात निम्म्यावर आली, आणि भीती कमी झाली की पाठ आपोआप पुढे येते.

बुटांबाबत एक सूचना. थंडी आहे म्हणून दोन लोकरीचे मोजे चढवू नका, पातळ मोज्यांचा एकच जोड पुरे. बोटांकडे नाडी सैल, घोट्यापाशी घट्ट. ‘माझे घोटे कमजोर आहेत’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे बूट ढिले असतात.

बर्फावर गेल्यावर टाचा जवळ, चवडे बाहेर, आणि बदकासारखी लहान पावले. नजर पायाकडे नको, समोरच्या माणसाच्या खांद्याकडे हवी. थांबायला शिकल्याशिवाय कठड्यापासून दूर जाऊ नका : चवडे आत वळवून टाचा हलकेच बाहेर ढकलायच्या, बर्फ खरवडला जातो आणि वेग मरतो. सुरुवातीला अर्धा तास पुष्कळ झाला. थकलेल्या पायांवर ‘आणखी एक फेरी’ मारू नका.

पूर्वी सहज पडून हाड मोडले असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, चक्कर येत असेल, किंवा मधुमेहाने तळपायाची संवेदना कमी झाली असेल, त्यांनी हा नाद करू नये. कठड्याबाहेर बसून नातवंडांचे फोटो काढावेत. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावे.

आणि पडलातच तर? हात दुखावला असल्यास बांगड्या व अंगठ्या ताबडतोब काढा. सूज चढल्यावर त्या कापाव्या लागतात. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे धरा. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो तिथे दाबून दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही न दिसले तरी दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा, कारण तिथल्या लहान हाडाची चीर सुरुवातीला लपून राहते. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले तर थेट रुग्णालय गाठा.

इथे परतल्यावर मोडलेला हात हाडवैद्याकडून बांबूच्या पट्ट्यांत आवळून घेऊ नका. पट्टी घट्ट झाली की बोटे थंड, निळी आणि बधिर होतात, आणि काही तासांत स्नायू कायमचे मरतात. असे आखडलेले हात मी पाहिले आहेत. मूळ अस्थिभंग सहा आठवड्यांच्या प्लास्टरने बरा झाला असता. आंबेहळदीचा लेप लावायचा तर खुशाल लावा, पण एक्स-रे काढल्यानंतर आणि कातडी फाटलेली नसेल तरच.

परदेशी जाणार नसलात आणि तरी शिकावेसे वाटले, तर चाकांचे स्केट्स आहेतच. तोलाचा धडा जवळपास तोच, मात्र सिमेंट बर्फासारखे घसरू देत नाही, कातडी सोलते. कोपराच्या गाद्याही लागतात. लहान मुलांच्या वर्गात जाऊन उभे राहण्यात कमीपणा नाही, फक्त प्रशिक्षकाला आपले वय, आजार आणि चालू गोळ्या आधी सांगाव्यात. परदेशी जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी प्रवासी विम्याचे कागद मुलाकडून वाचून घ्यावेत. काही विम्यांत खेळातील दुखापत वगळलेली असते, आणि तिकडे मनगटाच्या शस्त्रक्रियेचे बिल डॉलरमध्ये येते.