वाद कामाचा, दुखणं मनाचं

चि. सोनूस,



काल रात्री फोनवर तू एका दमात सगळा दिवस सांगून टाकलास. पहाटे पुण्याहून निघून जुन्नरकडच्या शाळेत तुमच्या गणिताच्या अ‍ॅपची चाचणी. तिथे ऐन वेळी टॅब अडकलेले. तू जागून तयार केलेला वजाबाकीचा टप्पा अ‍ॅपमधून गायब, आणि तो कामातल्या तुझ्या मैत्रिणीनेच आदल्या रात्री काढल्याचं तुला शिक्षकांसमोर कळलं. तू तिथेच तिला बोललीस. दुपारी देणगीदार कंपनीच्या लोकांपुढे दोघींनी हसतमुखाने सादरीकरण केलं आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकींना लांबलचक मजकूर पाठवले. या सगळ्यात शाळेपासूनच्या मैत्रिणीचा साखरपुडा हुकला तो वेगळाच. काल मी नुसतं ऐकून घेतलं, कारण त्या वेळी तुला सल्ला नको होता. आज लिहिते.

कालच्या भांडणात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. वजाबाकीचा टप्पा ठेवायचा की काढायचा, हा कामाचा वाद आहे. तो वर्गात सुटेल. तिने न विचारता तो काढला आणि तू तिला चारचौघांत बोललीस, हे मनाला लागलेलं आहे. ते दोघींनी समोरासमोर बसूनच सुटेल. मैत्रीण आहे म्हणून तिने कामात तुझं ऐकावं, असं धरू नकोस. कामात आपलं बरोबर ठरलं म्हणजे तिला लागलेलंही खोटं ठरलं, असंही समजू नकोस.

आधी कामाचं बोलू. ५२ मधून २७ वजा करायला सांगितलं की तिसरीतली बरीच मुलं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढतात. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढं त्यांनी पक्कं धरलेलं असतं. ही चूक निष्काळजीपणाची नाही, तिच्यामागे मुलाचा स्वतःचा नियम आहे. अ‍ॅपने नुसती लाल फुली दाखवली तर मूल दुसरा पर्याय दाबतं, मग तिसरा, आणि हिरवं होईपर्यंत दाबत राहतं. पडद्यावर उत्तर बरोबर येतं, डोक्यातला नियम मात्र तसाच राहतो. तू केलेल्या टप्प्यात दशकाचा एक गठ्ठा सुटून दहा सुट्या काड्या होताना दिसतात, म्हणून तो मला मनापासून पटला. मी वर्गात आइस्क्रीमच्या काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे वापरायची. मुलाने आपल्या हाताने रबर काढला आणि बारा सुट्या काड्या समोर पडल्या, की त्यातून सात वेगळ्या काढायला त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

आता तुझ्या मैत्रिणीचं कारण ऐक. हलत्या चित्रांनी अ‍ॅप जड झालं, शाळेतले टॅब जुने, त्यांत जागा कमी. जे उघडतच नाही ते शिकवणार काय, असं ती म्हणते, आणि तिच्या जागी ती बरोबर आहे. मी केंद्रप्रमुख होते तेव्हा माझ्याकडच्या बहुतेक शाळा दोनशिक्षकी होत्या. गुरुजींकडे पहिली-दुसरी, बाईंकडे तिसरी-चौथी, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि वरून मागवलेली माहिती भरणं. बाई चौथीला शिकवत असतात तेव्हा तिसरीची चार-पाच मुलं एका टॅबभोवती बसलेली असतात आणि बोट एकाच मुलाचं चालतं. बहुधा ज्याला आधीपासून येतं त्याचंच. पुण्यातल्या टेबलावर बसून हे तुलाही दिसणार नाही आणि तिलाही नाही.

म्हणून दोघी मिळून शाळेत जा. चाचणी घ्यायला नको, नुसतं बघायला जा. परिपाठापासून थांबा आणि मागच्या बस्करपट्टीवर बसा. शिकवू नका, मुलाला बटण दाखवू नका, बाईंना सूचना देऊ नका. मूल कुठे अडतं, अडल्यावर कुणाकडे बघतं, टॅब बंद पडला की काय करतं, हे आपापल्या वहीत टिपा आणि परतीच्या गाडीत एकमेकींच्या वह्या वाचा. कदाचित असं दिसेल, की गठ्ठा सोडण्याचं काम बाईंनी काड्यांवरच करून घ्यावं आणि अ‍ॅपने ३५ हे उत्तर ओळखून ‘एक गठ्ठा सोडून बघ’ एवढंच सांगावं. त्याला एक ओळ पुरते, हलतं चित्र लागत नाही. मग तुझं शिकवणंही राहील आणि तिचं अ‍ॅपही हलकं राहील.

शिक्षणात यंत्र आणणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाहीत. पुण्यात १९८४ साली मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली. दूरदर्शनवरच्या तिच्या कार्यक्रमांमागे माणसांनी मन लावून केलेलं काम होतं. पण आमच्या गावांत कार्यक्रमाची वेळ आणि वीज यांची गाठ पडणं कठीण, आणि मुलाला न समजलेला भाग तिथल्या तिथे पुन्हा दाखवायची सोय नव्हती. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्याच वर्गातल्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. ते वर्गात चाललं आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आलं. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. ते नऊ जण त्यांचे स्पर्धक होते. तुम्ही दोघी तर एकाच कामाला जुंपलेल्या आहात.

दोघींनी मिळून काम कसं करावं हे बघायचं, तर बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडे बघ. त्यांचं काम मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगायची. १९४५ मध्ये बोर्डीला दोघी एकत्र आल्या आणि पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम वाढवलं. अनुताई ताराबाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तोवर ही सोबत टिकली. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. मुलं गुरांमागे रानात जात, तर कुरणशाळा काढली. मूल कुठे आहे हे आधी बघायचं आणि आपली पद्धत त्याप्रमाणे बदलायची, हा रिवाज पडला की ‘तुझं की माझं’ हा प्रश्न पुष्कळदा उरतच नाही. तुमच्या टेबलावर तो उरतो, कारण तिथे मूल नसतं.

आता मनाला लागलेलं. तू चारचौघांत बोललीस त्याबद्दल तिची क्षमा माग, आणि त्या वाक्याला ‘पण’ जोडू नकोस. ‘चुकलं माझं, पण तूही…’ अशी क्षमा ऐकणाऱ्याला दुसरा आरोप वाटते. तिचं ऐकून झाल्यावर विचार, की काढण्याआधी एक फोन का केला नाहीस. विचार आणि गप्प बस. ती रात्री किती वाजेपर्यंत त्या जड अ‍ॅपशी झगडत होती, हे तुला अजून माहीत नाही. हे सगळं मोबाइलवर लिहून करू नकोस. लिहिलेला राग पुन्हा पुन्हा वाचला जातो आणि दर वाचनाला वाढतो. या कामात तुमच्यासोबत असलेल्या तिसऱ्या मित्राला मध्ये घालू नकोस. त्याला साक्षीदार केलंस तर दोघींचा त्याच्यावरचा विश्वास जाईल आणि संघ मोडायला तेवढंही पुरतं.

एक नियम मात्र तुम्ही तिघांनी कागदावर लिहून घ्या. चाचणीच्या आदल्या संध्याकाळनंतर अ‍ॅपमध्ये काही बदलायचं नाही. अगदी बदलावंच लागलं, तर ज्याचं काम बदलतोय त्याला आधी फोन करायचा, मध्यरात्र असली तरी. नियम लेखी असला की दर वेळी मैत्रीची परीक्षा होत नाही.

साखरपुड्याचं सांगते. त्या मैत्रिणीला फुलं नाही तर भेट ऑनलाइन पाठवून मोकळी होऊ नकोस. तिच्या घरी जा, आईवडिलांना नमस्कार कर, ‘मी यायला हवं होतं’ एवढं म्हण आणि जेवून ये. तुझं अ‍ॅप किती शाळांत चालतं हे तिला कळत नाही, आणि तिला त्याची पर्वाही नाही. तू वेणी घालायचीस तेव्हापासून ती तुला ओळखते. कामाच्या बाहेरची अशी एक-दोन माणसं तुला लागणार आहेत. कामातली भांडणं त्यांच्याकडे गेल्यावर आपोआप लहान होतात. ही माणसं टिकवायला पैसा लागत नाही, वेळच लागतो, आणि तो तुला ठरवून काढावा लागेल.

तुमचं काम चांगलं आहे, सोनू. ज्या मुलीला वजाबाकी कळत नाही आणि जिच्याजवळ घरी विचारायला कुणी नाही, तिच्यासाठी तुम्ही तिघं धडपडताय. ते काम एकटीच्या हातून होणारं नाही, म्हणून ही मैत्रीण जाऊ देऊ नकोस. शनिवारी सकाळची शाळा असते. त्याच्या आत तिला भेट, बोलून घे, आणि शनिवारी दोघी एकाच गाडीने जुन्नरला जा.

तुझी,
आत्या