कंपनी कायद्याचा पेपर देण्यापूर्वी

एलएलबीला कंपनी कायदा आला तेव्हा आमच्या वर्गात झेरॉक्स नोट्सचा एक गठ्ठा फिरत होता. आधीच्या बॅचकडून आलेला, म्हणून सगळ्यांचा त्यावर विश्वास. अल्पमतातल्या भागधारकांवर अन्याय झाला तर कलम ३९७-३९८ खाली कंपनी लॉ बोर्डाकडे दाद मागायची, असं त्यात लिहिलं होतं. १९५६ च्या कायद्यानुसार ते बरोबर होतं. पण १ जून २०१६ ला एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण सुरू झालं, बोर्ड गेलं आणि २०१३ च्या कायद्यातली कलमं २४१, २४२ लागू झाली. रात्र-रात्र जागलेल्या मुलींनी सुंदर अक्षरात रद्द झालेला कायदा लिहून दिला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांची मेहनत पुरेपूर होती, कागद शिळा होता.

हे पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये. २०१३ चा कायदा एका दिवसात लागू झाला नाही. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला ९८ कलमं आली, १ एप्रिल २०१४ ला आणखी १८३, आणि बाकीची पुढे हप्त्याहप्त्याने. त्यानंतर २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० मध्ये दुरुस्त्या झाल्या. म्हणून कुठल्याही नोट्स हातात आल्या की आधी त्या कोणत्या सालच्या ते बघा, आणि प्रत्येक कलम बेअर अ‍ॅक्टमध्ये पडताळा.

आपल्याकडच्या मुलांची आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल वर्गात कोणी बोलत नाही. साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था यांच्या सभा आपण लहानपणापासून पाहिलेल्या असतात. तिथे शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. कंपनीत हात वर करून मतदान झालं तर तसंच असतं. पण पोल मागितला की मतं समभागांच्या प्रमाणात मोजली जातात. मनात सहकारी संस्था ठेवून कंपनी कायदा वाचणाऱ्याला बहुमताचं राज्य अन्यायाचं वाटतं आणि कलम २४१ कशासाठी आहे तेच उमगत नाही. हा फरक पहिल्याच आठवड्यात पक्का करा.

मग निकाल. सालोमनचा खटला सगळे पाठ करतात. लंडनचा चामड्याच्या बुटांचा व्यापारी, त्याच्याकडे २०,००१ शेअर, बायको आणि पाच मुलांकडे प्रत्येकी एक; तरीही कंपनी वेगळी आणि सालोमन वेगळा. पण त्याच्या जोडीला बाचा गझदर यांचा मुंबईतला खटला वाचा. त्यांचे चहा कंपन्यांत शेअर होते. चहा कंपनीच्या उत्पन्नातला ६० टक्के भाग शेतीचा धरला जाई आणि त्यावर केंद्राचा प्राप्तिकर नसे. मग माझ्या लाभांशातलाही तेवढा भाग करमुक्त धरा, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. जमीन कंपनीची, भागधारकाचा मळ्यावर हक्क नसतो, लाभांश त्याला कंपनीशी असलेल्या नात्यातून मिळतो. कंपनी वेगळी असण्याचा तोटा भागधारकालाही कसा सोसावा लागतो, ते इथे कळतं. सालोमनमध्ये फक्त फायदा दिसतो.

टाटा सन्स आणि तिचा अल्पमतातला भागधारक मिस्त्री गट यांच्या वादावर उत्तर लिहिताना बहुतेक जण थेट सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालावर उडी मारतात. त्याआधीची पायरी मला जास्त शिकवून गेली. कलम २४४ नुसार भागभांडवल असलेल्या कंपनीत कलम २४१ खालचा अर्ज करायला १०० सभासद किंवा एक दशांश सभासद यांतला कमी आकडा लागतो, नाहीतर जारी भागभांडवलाचा एक दशांश हिस्सा. मिस्त्री गटाकडे टाटा सन्सचे १८ टक्क्यांहून जास्त साधे समभाग होते. पण प्रेफरन्स शेअर धरून हिशेब केला की हिस्सा तीन टक्क्यांच्याही खाली जाई. एनसीएलटीने अटीतून सूट नाकारली, अपील न्यायाधिकरणाने ती दिली, आणि मगच खटला उभा राहिला. पेपरातलं समस्येचं उदाहरण सोडवताना क्रम असा ठेवा: आधी नुकसान कंपनीचं की सभासदाचं, अर्ज करायचा हक्क आहे का, आणि शेवटी अन्याय झाला की नाही. मुलं शेवटापासून सुरुवात करतात आणि गुण घालवतात.

संचालकांवरची कलमं समजून घ्यायची तर एखाद्या सूचीबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि संचालक मंडळाचा भाग वाचा. मग कलम १४९ आणि १६६ पाठ करावी लागणार नाहीत.

मूळ कायदा सरकारच्या इंडिया कोड संकेतस्थळावर फुकट मिळतो. इंग्रजी जड वाटलं तरी घाबरू नका, शेजारी मराठी पुस्तक ठेवा. पण कलम ९, ४७, १६६ आणि २४१ ते २४५ मूळ शब्दांत वाचल्याशिवाय परीक्षेला बसू नका.